दाराच्या गाण्याचा वाढदिवस

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीण म्हणाली, आजी, राग आला की बोलू नका, लिहून काढा. तुमचा रक्तदाब बोलण्याने चढतो. मी म्हटलं, बाई गं, माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तिसरीत दोनदा बसून. ती म्हणाली, मग सावकाश लिहाल, तेवढाच राग निवेल. हुशार आहे पोरगी. फक्त अक्षर माझ्याहून वाईट.

वही नातीने आणून दिली. नातीला आम्ही टिटवी म्हणतो. जन्मली तेव्हापासून हिचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला. माझी सून म्हणायची, हिच्या आवाजाचं काय करायचं? घ्या, रेडिओवाल्यांनी त्याच आवाजाला नोकरी दिली! रोज सकाळी नऊला हिचा कार्यक्रम असतो, 'आजच्या तारखेला'. आजच्या तारखेला कुठलं गाणं पहिल्यांदा वाजलं, कोण गाणारा जन्मला, कोण स्टेजवरून पडला, सगळं सांगते. मी नऊच्या ठोक्याला हातातलं काम टाकून बसते. शेजारणीलाही बसवते. तिला ऐकू येत नाही, पण माझं तोंड बघून ती हसते.

तर आनंदात होते. दुपारी टिटवी आली आणि म्हणाली, "आजी, अकरा मार्चला आमचा खास तासाभराचा कार्यक्रम! दाराच्या गाण्याला पन्नास वर्षं होतायत. आणि पाहुणे कोण माहितेय? तबकड्यांच्या कारखान्याचे धाकटे मालक. तू तिथेच कामाला होतीस ना गं?"

माझ्या हातातलं झाकण असं आपटलं की सून धावत आली.

दर अकरा मार्चला मी रेडिओ बंद ठेवते. घरात कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. यंदा माझ्याच नातीच्या तोंडून ऐकायचं! बाकीचं उद्या.

१३ फेब्रुवारी

राग तसाच आहे. डॉक्टरणीला सांगायला हवं, लिहून निवत नाही, मुरतो.

दाराचं गाणं कुणाला ठाऊक नाही? ती बाई दाराला सांगते, बाबा रे, करकरू नकोस, घरातलं माणूस आत्ताच झोपलंय. एवढंच गाणं. आमच्या शेजारणीला ऐकू येत नाही, पण हे गाणं तिलाही येतं.

टिटवीने कार्यक्रमाचा कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, 'थोरल्या मालकांचा कान म्हणजे सोन्याचा कान. तबकडीच्या एका बाजूला प्रसिद्ध गायकाचं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला कुणाला माहीत नसलेल्या मुलीचं. रेडिओवाले नेहमी प्रसिद्ध बाजूच लावत. मालकांनी ओळखलं की खरं सोनं पाठीमागे आहे. त्यांनी गुपचूप दोन्ही बाजूंची लेबलं अदलाबदल करायला सांगितली. निवेदकाने मोठ्या गायकाचं गाणं म्हणून तबकडी लावली आणि निघालं दाराचं गाणं!'

आयत्या बिळावर नागोबा! त्या माणसाला गाण्यातलं एवढंही कळत नव्हतं. तबकडी हातात घेऊन विचारायचा, "ही पूर्ण भरलीय ना?" जसा काही डबाच!

कुणी सांगितलं नव्हतं लेबलं बदलायला. चूक झाली होती. आणि त्या चुकीपायी शिडीची नोकरी गेली.

१५ फेब्रुवारी

शिडी म्हणजे माझी मैत्रीण. इतकी उंच की वरच्या फळीवरचा डबा टाच न उचलता काढायची. मी तिच्या कोपराला लागायचे, म्हणून मी मुंगी. कारखान्यात सगळे म्हणायचे, शिडी आली की पाठोपाठ मुंगी चढते.

काम कसं होतं ते लिहून ठेवते, नाहीतर आमच्या घरात कुणाला कळायचं नाही. शिडी प्रेस चालवायची. प्रेसला खाली एक साचा, वर एक साचा. खालच्या साच्यात एका गाण्याच्या रेघा, वरच्यात दुसऱ्या. शिडी डाव्या ट्रेमधलं लेबल उचलून खाली ठेवायची, उजव्यातलं वर खिळ्याला लावायची, मध्ये काळा गरम गोळा टाकायची आणि दांडा ओढायची. फुस्स करून वाफ. झाली तबकडी. दिवसाला चारशे.

लेबलं माझ्याकडे. ती आधी भट्टीत वाळवावी लागतात, नाहीतर दाबल्यावर फोड येतात. वाळवायची आणि दोन ट्रेमध्ये भरून तिच्या दोन हातांना ठेवायची. आणि छापलेली बाजू साच्याकडे जाते बरं का, म्हणून ट्रेमध्ये सगळी पालथी. तिला दिसणार नुसतं पांढरं. डाव्यात काय, उजव्यात काय, हे ती बघत नसे. बघायचं काम तिचं नव्हतंच.

रोज सकाळची पहिली तबकडी कानवाले काका ऐकायचे. ती बरोबर निघाली की दिवसभर कुणी ऐकत नसे. आमच्याकडे गाणी तयार व्हायची आणि ऐकायला कुणाला वेळ नसायचा.

लिहिता लिहिता हसू आलं. शिडी दांडा ओढताना मालकाची नक्कल करायची. "पूर्ण भरलीय ना?" फुस्स!

१८ फेब्रुवारी

आज टिटवीशी भांडले. ती म्हणाली, "अगं, लोकांना अशी गोष्ट आवडते. एका माणसाने ओळखलं आणि इतिहास झाला. चुकून झालं म्हटलं की मजा जाते."

मी म्हटलं, "मजा जाते? अगं एका बाईची नोकरी गेली!"

"कुठल्या बाईची?"

मग सांगितलं. त्या अकरा मार्चला सकाळी रेडिओवर भलतंच गाणं लागलं. मोठ्या गायकाने मालकाला फोन करून झाडलं. मालक तणतणत खाली आला, चपला वाजवत. म्हणाला, "हे प्रेस कोणाचं?" शिडी म्हणाली, "माझं." म्हणाला, "चल, नीघ." एवढंच. दुपारच्या आत ती फाटकाबाहेर. पुढच्या आठवड्यात पत्रांची पोती आली, दाराचं गाणं परत लावा, परत लावा. मालकाने छाती पुढे काढली आणि म्हणाला, मीच केलं. मुद्दाम केलं म्हटल्यावर चूक करणारीला परत कसं बोलावणार? आणि चूक केली म्हणून काढलेलीला दुसऱ्या कारखान्यात कोण घेणार? लाँड्रीत लागली. पंचवीस वर्षं चादरींना इस्त्री केली. हात भाजून भाजून तिला गरम कपसुद्धा कळत नाही, असं ऐकलं.

टिटवीचे डोळे एवढे झाले. "आजी! तू कार्यक्रमात ये! हे तूच सांग!"

मी म्हटलं, येते. बघतेच त्या धाकट्याला. चोराच्या उलट्या बोंबा बंद करते.

जेवण छान गेलं आज.

२१ फेब्रुवारी

एक लिहायचं राहिलंय. तीन दिवस वही उघडते आणि मिटते.

ट्रे मी ठेवले होते.

रेडिओवर ते लागायच्या आदल्या आठवड्यात एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर प्रेससमोरचा पाण्याचा नळ फुटला. सगळं ओलं, घसरडं. रोज मी शिडीच्या समोरून जायचे. त्या दिवशी तिच्या मागून गेले. हातांची सवय समोरून ठेवायची. समोरून माझा उजवा हात म्हणजे तिचा डावा. मागून गेल्यावर माझा उजवा तो तिचाही उजवा. मी सवयीनेच ठेवले आणि भट्टीकडे पळाले, कारण भट्टीत लेबलं जळत होती. संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या तबकड्या उलट्या निघाल्या. त्यातलीच एक रेडिओत गेली.

मालक विचारत होता तेव्हा मी चार पावलांवर होते. त्याने 'प्रेस कोणाचं' विचारलं, 'ट्रे कोणी ठेवले' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. सांगितलं असतं की नाही देव जाणे. थोरला तीन वर्षांचा, धाकटी अंगावर पिणारी, ह्यांचं काम सुटलेलं. शिडीला ना नवरा ना मूल.

फाटकाशी मी गेले तिच्यामागे. ती म्हणाली, "तुझी पोरं लहान आहेत. आत जा, वेळेवर घरी जा." असा टोमणा! आयुष्यात विसरले नाही. म्हणजे, तू रहा बाई सुखात, असं. लागलं मला. मी पण मग बोलले नाही.

दोन वर्षांनी बाजारात दिसली. लांबून हात उचलला तिने. मारायलाच उचलला असणार, एवढा उंच हात. मी गल्लीत वळले. तेव्हापासून तो बाजारच सोडला. भाजी लांबून आणते.

हे सगळं त्या मालकामुळे. त्याने नीट विचारायला काय झालं होतं?

२५ फेब्रुवारी

टिटवी भारी निघाली. शिडीचा पत्ता शोधून काढला, फोनही केला. ती भाचीकडे असते, बस डेपोच्या मागे. म्हणजे इथून चार थांबे! मी एवढी वर्षं समजत होते, लाँड्री सुटल्यावर ती गाव सोडून गेली.

टिटवी म्हणाली, "त्या येणार नाही म्हणतात. म्हणाल्या, मला काही सांगायचं नाही. आणि मुंगीलाही सांग, तोंड उघडू नकोस म्हणावं."

बघा! अजून राग. तोंड उघडू नकोस, म्हणजे धमकीच की! तिला कळलं असतं ट्रेचं तर काय केलं असतं तिने, कल्पना करवत नाही.

"आणखी काही म्हणाली?"

"विचारत होत्या, धाकटी काय करते. मी म्हटलं आत्या बँकेत आहे. तर हसल्या."

कुत्सित हसली असणार.

४ मार्च

आज तालीम होती. रेडिओची खोली म्हणजे भिंतींना गाद्या लावलेल्या. माझा आवाज मलाच परका वाटला. टिटवी तिथे कशी बसते, कानाला ते लावून, हाताने खुणा करत, बघून जीव हरखला. माझी नात! मी तिथल्या चहावालीला तीनदा सांगितलं, ही माझी नात. चौथ्यांदा तिनेच मला सांगितलं.

मग आले धाकटे मालक. सत्तरीचे, पण धाकटेच. कपाळापर्यंत केस काळे केलेले. म्हणाले, "आजी, तुम्ही आमच्याकडे होतात? वा वा. गोड आठवणी सांगा. बाबा कसे सगळ्यांना घरच्यासारखं वागवायचे, ते."

मी म्हटलं, "आणि प्रेसवालीला काढलं ते?"

तर हा हसला. "हो हो, एक होती निष्काळजी बाई. अशा अडाणी बायकांकडून बाबांनी सोनं काढलं, हीच त्यांची कमाल."

निष्काळजी! दिवसाला चारशे तबकड्या, एका बोटाचा ठसा नसायचा. माझ्या कानातून वाफ निघाली, फुस्स. टिटवीने टेबलाखालून माझा हात दाबला. बसमध्ये मला सुचलं ते असं: मुद्दाम केलं तर तिला काढलं का? आणि तिने चूक केली म्हणून काढलं तर ह्यांनी मुद्दाम कसं केलं? एका तोंडात दोन घास. आता बस, हेच विचारते.

सून म्हणाली, "आई, बसमध्ये तुम्ही मोठ्याने बोलत होता." बोलत असेन. कंडक्टरही म्हणाला, आजी, बरोबर आहे तुमचं.

१० मार्च

हातात पळी घेऊन सकाळपासून तालीम करतेय. प्रश्न पाठ झालाय. त्याला विचारलं की तो अडकलाच.

पण तो अडकून शिडीचं काय होणार? मालक खोटा ठरेल, पण चूक कुणाची म्हटलं की लोक म्हणणार, प्रेसवालीची. निष्काळजी ती निष्काळजीच राहणार. ट्रेचं बोलल्याशिवाय ती सुटत नाही. हे मला आज दुपारी भाजी चिरताना कळलं आणि मी चाकू खाली ठेवला.

नाही बोलणार. पंच्याहत्तर वर्षांची मी. लेक, सून, शेजारीण, कंडक्टर, सगळे ऐकणार. टिटवीच्या नोकरीचं काय होईल? आणि शिडीने स्वतःच सांगितलंय ना, तोंड उघडू नकोस? मग? तिची आज्ञाच पाळतेय मी.

असं लिहिलं आणि माझाच मला इतका राग आला की पान टराटरा फाडावंसं वाटलं. फाडत नाही. वही नातीने दिलीय.

११ मार्च, सकाळी

निघाले. सुनेने इस्त्रीची साडी दिली. ती नेसले नाही, दुसरी नेसले.

११ मार्च, दुपारी

झालं.

जसं झालं तसं लिहिते. आधी टिटवीने छान सुरुवात केली, "आजच्या तारखेला, पन्नास वर्षांपूर्वी" असं म्हणाली आणि दाराचं गाणं लावलं. मी पन्नास वर्षांनी पहिल्यांदा ते पूर्ण ऐकलं. काय गायलीय हो ती मुलगी! दाराशी असं बोलते जसं दार तिचं सख्खं आहे. आणि मी मेली एवढी वर्षं बंद करत होते!

मग धाकटे मालक सुरू झाले. सोन्याचा कान, दूरदृष्टी. मग म्हणाले, "कामगार अडाणी होते, काहींना तर काढावं लागलं, पण बाबांनी..."

मी म्हटलं, "थांबा."

टिटवीने खूण केली, अजून तुझी वेळ नाही. मी म्हटलं, "माझी वेळ पन्नास वर्षांपूर्वीच गेली, आता मला बोलू द्या. तुमच्या वडिलांनी लेबलं मुद्दाम बदलली ना?"

"अर्थात."

"मग प्रेसवालीला त्याच दिवशी का काढलं? मालकाचं ऐकलं म्हणून?"

त्याने टिटवीकडे बघितलं. टिटवीने काचेकडे बघितलं. काचेमागे तिचे साहेब दोन्ही हात हलवत होते. धाकटे मालक म्हणाले, "आजी, तुमचं वय झालंय, आठवणीत गोंधळ होतो. चूक त्या बाईचीच होती."

"म्हणजे चूक झाली होती? मुद्दाम नव्हतं?"

इथेच थांबायचं ठरलं होतं माझं. देवाशपथ, इथेच. पण तो 'चूक त्या बाईची' म्हणाला आणि मला दिसलं की हे वाक्य तो उद्याही म्हणेल, परवाही म्हणेल, आणि ते त्याला मी देतेय.

मी म्हटलं, "चूक तिची नव्हती. ट्रे मी ठेवले होते. पाणी सांडलं होतं म्हणून मागून गेले आणि डाव्याचं उजव्यात ठेवलं. तिला दिसणारं नुसतं पांढरं. तिने तिचं काम चोख केलं. ती गेली आणि मी राहिले. आणखी सव्वीस वर्षं त्याच भट्टीपाशी नोकरी केली. दाराचं गाणं तुमच्या बाबांनी नाही काढलं, फुटक्या नळाने काढलं. आणि लाज वाटायची तर ती मला वाटू द्या, तिला नको."

मग माझी टिटवी, हिला मी जन्मभर बोलत आले की गप्प बस जरा, ती हळूच म्हणाली, "आजी, त्यांचं खरं नाव सांगशील?"

मी सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पन्नास वर्षांत ते नाव तोंडातून निघालं नव्हतं.

मग गाणं परत लावलं. धाकटे मालक गाणं संपायच्या आत गेले. साहेबांनी टिटवीला आत बोलावलं. बाहेर आली तर नाक लाल. म्हणाली, "ओरडले. मग म्हणाले, फोन थांबत नाहीयेत, पुढच्या महिन्यात आजीला परत आण." आणि मग माझ्यावर ओरडली, "घरी का नाही सांगितलंस मला? मी कोण आहे तुझी?" भर रस्त्यात. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. मी ऐकून घेतलं. तिचा हक्क आहे.

११ मार्च, संध्याकाळी

अजून लिहितेय, कारण आता तर मी पेटलेय.

पाच वाजता फोन. मी उचलला. तिकडून एकदम, हॅलो नाही काही नाही, "मुंगे, अक्कल गहाण टाकलीस का?"

आवाज म्हातारा झालाय, पण तोच.

मी म्हटलं, "शिडे..."

"शिडे काय शिडे! निरोप दिला होता ना, तोंड उघडू नकोस? पन्नास वर्षं मी झाकून ठेवलं आणि तू रेडिओवर ओततेस? सगळ्या गावासमोर?"

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! माझ्या हाताशी ट्रे कोण ठेवत होतं? भूत? मालकाने विचारलं तेव्हाच कळलं मला. तुझी पिल्लं दोन, मी एकटी. हिशेब सरळ होता. एकीला जायचंच होतं."

मी खाली बसले. मग राग आला, असा राग की डॉक्टरीण असती तर पळाली असती. मी म्हटलं, "मग सांगायला काय झालं होतं तुला? बाजारात हात उचललास तेव्हा?"

"हाक मारत होते, बये! तूच गल्लीत घुसलीस. मला वाटलं, हिला आपली लाज वाटते, इस्त्रीवालीची."

"मला वाटलं तू मारतेस!"

"तुला मारायला मला खाली वाकावं लागलं असतं," ती म्हणाली, "आणि माझी कंबर तेव्हापासूनच दुखते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "आता इथल्या बायका मला बघायला येतायत. भाची चहा करून दमली. हे तू निस्तर."

"निस्तरते. पण आधी मला भांडायचंय. एवढं मोठं माझ्यावर टाकून तू चार थांब्यांवर गपचूप बसलीस? मला एकदा तरी विचारायचं होतंस, मला हे हवंय का!"

"भांड की. फोनवर काय भांडतेस? फोनवर भांडण पुरत नाही."

ते खरं आहे. चपला घातल्यात. सून विचारतेय, आई, आत्ता कुठे? म्हटलं, भांडायला. जेवायला थांबू नका.